खंडेनवमीचा बोल्ट

बोल्ट तुटताना फार मोठा आवाज होत नाही. नुसतं 'टक्' होतं. नख कापताना होतं तेवढंच. मोठे आवाज त्यानंतर होतात, आणि ते सगळे माणसं करतात.

आमच्याकडे तो 'टक्' अष्टमीच्या सकाळी झाला. स्थळ : बडोदे, निजामपुरा, आमच्या सोसायटीचं पार्किंग. मी चटई टाकून गाडीशेजारी आडवा, माझ्या हातात पाना, पान्याच्या तोंडात बोल्टचं डोकं आणि बोल्टचं धड इंजिनाच्या पोटात. मी बराच वेळ तसाच पडून राहिलो. उठून तरी काय करणार होतो!

गाडी म्हणजे बाबांची मोटरसायकल. आई तिला फटफटी म्हणते. बाबा रेल्वेत फिटर होते, आणि त्यांनी आयुष्यात जीव लावलेल्या गोष्टींची यादी करायची तर फटफटी, हत्यारांची पेटी आणि मग आम्ही, असा क्रम लागेल. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. फटफटी आणि पेटी माझ्याकडे आली. मी अलकापुरीत एका विमा कंपनीच्या कचेरीत खुर्चीवर बसतो. गाड्यांच्या अपघातांचे कागद रोज माझ्या हाताखालून जातात, त्यामुळे मला गाडीतलं कळतं असा माझा एक समज होता. (होता. आता नाही.)

पावसाळा सरता सरता गाडी आवाज करायला लागली. साधासुधा आवाज नाही! इंजिनाला जिथं सायलेन्सरचा पाइप जोडलेला असतो, तिथला वॉशर जळाला होता आणि सगळा धूर आणि सगळा आवाज त्या फटीतून बाहेर यायचा. सकाळी मी कचेरीला निघालो की पहिल्या मजल्यावरची कबुतरं उडायची, तळमजल्यावरचा कुत्रा भुंकायचा आणि आमच्या समोरच्या ब्लॉकमधले हर्षदभाई गॅलरीत यायचे. हर्षदभाई सोसायटीचे सेक्रेटरी. ते मला रोज तेच विचारायचे.

"नंदुभाई, आ तमारी गाडी छे के दिवाळीना फटाकडा?"

हे कोण बोलत होतं? नवरात्रात गरब्यासाठी माझ्या बेडरूमच्या खिडकीला लागून कपाटाएवढे स्पीकर उभे करणारा माणूस! त्या स्पीकरनं आमच्या स्वयंपाकघरातले डबे मांडणीवरून चालत पुढे येतात. पण त्यांचा आवाज म्हणजे भक्ती, आणि माझा आवाज म्हणजे तक्रार. मी "जी, जी, करावी लउं छुं", करून घेतो, म्हणून निघून जायचो. भांडायला अंगात जीव लागतो, आणि नवरात्रात झोप कुणाला मिळते?

आवाजाबद्दल एकच माणूस कधी काही बोललं नाही. आमची आई. तिला कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण ते तिच्या कपाटात डबीत असतं. पाहुणे आले की निघतं आणि गेले की परत डबीत. घरच्यांचं बोलणं ऐकण्याएवढं महत्त्वाचं नसतं असं तिचं मत आहे.

आता खरी अडचण सांगतो. आमच्याकडे दसऱ्याला सीमोल्लंघन असतं, आणि ते फटफटीवरच असतं. बाबा दर दसऱ्याला आईला मागे बसवून गावाची हद्द ओलांडायचे, शेताच्या बांधावरून आपट्याची पानं तोडायचे आणि पहिलं सोनं तिथंच तिच्या हातात द्यायचे. बाबा गेले त्या वर्षी दसऱ्याला आई सकाळीच तयार होऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "नंदू, गाडी काढ." तेव्हापासून मी काढतो. माझ्या लहानपणी हद्द आमच्या तेव्हाच्या घरामागेच होती. बडोदं असं वाढलं की हद्द दर वर्षी पुढे पळते आणि आम्ही तिच्या मागे पळतो. हल्ली आमचं सीमोल्लंघन डभोईच्या रस्त्याला जवळजवळ डभोईपर्यंत पोचतं. अजून थोडं वाढलं तर आम्हाला मुक्कामाची सोय करावी लागेल.

या वर्षी मात्र आईचे गुडघे पार गेले. दिवाळी झाली की ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी तिच्यासमोरच सांगितलं, "आजी, आता मोटरसायकलवर बसणं कायमचं बंद. एवढा दसरा काय तो जाऊन या, जपून." त्या दिवशी तिनं यंत्र लावलं होतं, त्यामुळे तिनं ते ऐकलं. घरी रिक्षातून उतरताना एवढंच म्हणाली, "दसरा कधी आहे रे?"

म्हणजे हा शेवटचा दसरा होता. आणि गाडी ही असली बोंबलणारी! सबंध गावातून, सणाच्या दिवशी, म्हाताऱ्या आईला मागे बसवून फटाके फोडत जाणार का मी? गाडी गप्प करायलाच हवी होती.

मी नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. त्याच्या दुकानासमोर एवढ्या गाड्या उभ्या होत्या की त्याच्यापर्यंत पोचायला मला दोन सीटांवर हात टेकून एक हँडल ओलांडावं लागलं. दसऱ्याआधी अख्खं बडोदं गाड्या दुरुस्त करून घेतं. तो मान वर न करता म्हणाला, "दशेरा पछी आवजो, साहेब. अत्यारे तो मरवानीय फुरसद नथी." म्हणजे दसऱ्यानंतर. मी नवा वॉशर विकत घेतला आणि घरी आलो. नुसता वॉशर तर बदलायचा! दोन बोल्ट काढायचे, जुना वॉशर काढायचा, नवा घालायचा, दोन बोल्ट लावायचे. यात काय आहे?

माझी बायको माधवी म्हणाली, "अहो, तुम्ही? परवा तुम्हाला घड्याळाचा सेल बदलता आला नव्हता."

"सेल उलटा बसला होता," मी म्हणालो.

"आपोआप?"

मी पेटी घेऊन खाली गेलो. आणि काय सांगू, पहिला बोल्ट लोण्यासारखा सुटला! तिथंच घात झाला. पहिला अडला असता तर मी घाबरून परत आलो असतो. पण तो सुटला आणि माझ्या अंगात बाबा संचारले. दुसरा बोल्ट होता पाइपच्या खालच्या अंगाला. त्यासाठी मी चटईवर उताणा पडलो, डोकं गाडीखाली घातलं आणि पाना लावला. बोल्ट हलेना. मी स्प्रे मारला. हलेना. मी पान्याला लांब पाइप लावला, पाय भिंतीला टेकवले आणि दातओठ खाऊन ओढलं.

टक्.

वरून गॅलरीतून हर्षदभाईंचा आवाज आला. ते केव्हापासून बघत होते कोण जाणे. हातात चहाचा कप होता.

"नंदुभाई, तमे तो ऊंधुं फेरव्युं!"

"शुं?"

"खोलवाने बदले कसी नाख्यो!"

मी मनातल्या मनात हात फिरवून बघितला. उठून बसून परत फिरवला. झालं होतं ते असं : उताणं पडून खालून बघताना माझं डावं-उजवं उलटं झालं होतं, आणि मी तो बोल्ट सर्व शक्तीनिशी, पाय भिंतीला लावून, आवळत होतो. स्प्रे मारून मारून आवळत होतो. बोल्टनं जमेल तेवढं सहन केलं आणि मग मान टाकली. मी त्याच्या जागी असतो तर फार आधी टाकली असती.

"तुम्ही बघत होतात तर आधी का नाही सांगितलंत?" असं मी गुजरातीत विचारलं.

हर्षदभाई शांतपणे म्हणाले, "मने थयुं, तमने आवडतुं हशे." त्यांना वाटलं, मला येतंय. त्या दिवसात माझ्यावर विश्वास ठेवणारा हा पहिला माणूस, आणि तोही नेमका चुकीच्या वेळी!

मग ते खाली आले. आणि मी सांगतो, गाडी बिघडली की पार्किंगमध्ये सल्ल्यांना तोटा नसतो. हर्षदभाईंचं कापडाचं दुकान आहे, पण त्यांनी कमरेवर हात ठेवून गाडीकडे असं पाहिलं की त्यांनीच ती जन्माला घातली असावी. "गरम करो, गरम! लोखंड गरम थाय एटले बधुं छूटुं पडे." कशानं गरम करू? गॅसची शेगडी काही खाली आणता येत नाही. मी वर जाऊन माधवीचा केस वाळवायचा ड्रायर घेऊन आलो. वॉचमनच्या खोलीतून वायर ओढली आणि इंजिनावर ड्रायर धरून बसलो. बोल्ट गार राहिला. ड्रायर गरम झाला. मग ड्रायरमधून एक वास आला, मग एक बारीकसा धूर, आणि मग तोही बंद पडला.

"हवे दिवेल नाखो," हर्षदभाई म्हणाले. म्हणजे एरंडेल. इंजिनाला पोट साफ व्हायचं औषध! पण माणूस एकदा बुडायला लागला की एरंडेलही धरतो. मी ओतलं. ते पार्किंगभर वाहिलं आणि हर्षदभाईंच्या स्कूटरखाली जाऊन थांबलं. त्यानंतर त्यांना दुकानाची आठवण झाली.

वर आलो तेव्हा माधवीनं ड्रायरकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "शिरीषला बोलावते," ती म्हणाली.

शिरीष म्हणजे माझा मेहुणा. एका केमिकल कारखान्यात इंजिनिअर आहे, आणि तो घरात आला की सगळ्या वस्तू सावरून बसतात. तो दुपारीच स्वतःचं ड्रिल घेऊन आला. पँटच्या घड्या सांभाळत खाली बसला, बॅटरीचा झोत टाकला आणि म्हणाला, "भाऊजी, सोप्पं काम आहे. मधोमध भोक पाडायचं, उलट्या आट्यांचं हत्यार आत घालायचं आणि फिरवायचं. बोल्ट आपोआप बाहेर येतो."

'आपोआप' हा शब्द ऐकून मला घड्याळाचा सेल आठवला.

"मधोमध म्हणजे अगदी मधोमध हं," मी म्हणालो.

"भाऊजी, मी रोज हेच करतो." (तो रोज हे करत नाही. तो रोज हे करणाऱ्या लोकांच्या सुट्ट्या मंजूर करतो. हे मला नंतर माधवीनं सांगितलं.)

ड्रिल सुरू झालं. घुर्रर्र! मी बॅटरी धरून उभा. शिरीषच्या कपाळावर घाम. भोक मध्यावर सुरू झालं आणि हळूहळू बाजूला सरकायला लागलं. "सरकतंय रे!" मी ओरडलो. "काही नाही, सरळ करतो!" तो ओरडला आणि त्यानं ड्रिल चालू असतानाच ते सरळ केलं.

टक्.

दुसऱ्यांदा तोच आवाज! आता मला तो पाठ झाला होता. ड्रिलचा बिट, म्हणजे भोक पाडणारी सळई, मोडून बोल्टच्या आत अडकला. म्हणजे सकाळी इंजिनात एक बोल्ट होता. दुपारी बोल्ट आणि त्याच्या पोटात बिट. शिरीष उठला, पँट झटकली आणि म्हणाला, "भाऊजी, बिटचं पोलाद बोल्टपेक्षा कडक असतं. त्याच्यात आता दुसरं ड्रिल शिरणार नाही."

"मग काय लागेल?"

"इंजिनाचं हेड काढून वर्कशॉपला न्यायला लागेल."

"कधी होईल?"

"दसऱ्यानंतर."

मी तिथंच पायरीवर बसलो. शिरीषही शेजारी बसला. पोर वाईट नाही. दोघंही तेलानं काळे, एरंडेलाचा वास येतोय, आणि वर खिडकीत आई उभी. तिनं हात हलवला. मी हात हलवला. "दमलास का रे?" ती वरून ओरडली. मी मान हलवून नाही म्हणालो. मला रडू यायचंच बाकी होतं.

रात्री झोपताना आई मला म्हणाली, "गाडीसाठी किती करतोयस रे! ह्यांना बरं वाटलं असतं." मी 'हं' म्हणालो आणि कूस बदलली. हे वाक्य ऐकून कुणाला झोप लागली असती?

नवमीला मी ठरवलं, बोल्ट जाऊ दे खड्ड्यात. एक बोल्ट तर शाबूत आहे! नवा वॉशर घालून त्याच्यावर पाइप लावायचा आणि दुसरी बाजू तारेनं करकचून बांधायची. एवढी हद्द ओलांडून येण्यापुरतं टिकलं तरी खूप झालं. शिरीषलाही पटलं, ड्रिल न्यायला तो परत आलाच होता. पकड आणि पाना घ्यायला मी आत गेलो, तर पेटी रिकामी!

नवमी म्हणजे खंडेनवमी. आमच्या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. बाबा होते तेव्हा ते पहाटे उठून एकेक पाना रॉकेलनं पुसायचे आणि देवासमोर पाटावर ओळीनं मांडायचे. आणि एकदा पूजेत बसलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस तरी त्यांना सुट्टी. मी हे सगळं विसरलो होतो. आई कशी विसरेल! आम्ही चहा घेईपर्यंत तिनं पाटावर लाल कापड घालून सगळं मांडून टाकलं होतं. पाने, पकड, हातोडी, स्क्रू-ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. मधोमध शिरीषचं ड्रिल. ड्रिलच्या तोंडात, जिथं बिट असतो तिथं, एक पिवळं फूल खोचलेलं.

"आई, माझं ड्रिल..." शिरीष पुटपुटला. "मला कंपनीत द्यायचंय ते."

"उद्या," आई म्हणाली. यंत्र नव्हतं, पण त्याचा चेहरा वाचला होता. "आणि त्याच्या तोंडातला तो मोडका तुकडा काढलाय हो मी. सणाचं मोडकं ठेवू नये."

ती आत गेली. मी इकडेतिकडे पाहिलं. पकड पाटाच्या अगदी कडेला होती. फूल अलगद बाजूला केलं, बोटं पकडीला लागली, तेवढ्यात मागून आवाज आला.

"नंदू! देवापुढचं ओढतोस?"

वय वर्षं त्रेपन्न, टक्कल पडलेलं, कचेरीत हाताखाली माणसं, आणि मी पकड टाकून दोन्ही हात मागे लपवले. चूक शिरीषची असल्यासारखं मी त्याच्याकडे पाहू लागलो. (तोही स्वतःकडे पाहू लागला. पोर खरंच वाईट नाही.)

आता पान्याशिवाय, पकडीशिवाय, नुसत्या हातांनी तार बांधायची. पण तार कुठं आहे? नवमीला दुकानं उघडी असतात, पण मला पुन्हा कुठल्या दुकानदारापुढे उभं राहायचं धैर्य नव्हतं. शिरीषची नजर गॅलरीतल्या कपडे वाळत घालायच्या तारेवर गेली. माझीही गेली. आम्ही ती सोडली. माधवीनं नुकत्याच पिळून टाकलेल्या चादरी काढायच्या राहिल्या. त्या थेट हर्षदभाईंच्या गरब्याच्या मंडपावर.

"अहो!!" एवढंच ऐकू आलं. पुढचं मी लिहीत नाही.

संध्याकाळपर्यंत आम्ही हातांनी ती तार पाइपला गुंडाळली. माझ्या बोटांना चिरा पडल्या, शिरीषचं नख गेलं. दसऱ्याच्या सकाळी आईनं पूजा केली, हत्यारं मोकळी केली, माधवीनं खाली गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. मी धावत खाली जाऊन पान्यानं शाबूत बोल्ट आवळला, पकडीनं तार पिळून पिळून घट्ट केली. झकास दिसत होतं! मग किक मारली.

काय सांगू तुम्हाला! जुना आवाज परवडला असता. पाइप एका बाजूनं धरलेला आणि दुसऱ्या बाजूनं फाकलेला. तार दोन मिनिटांत तापून सैल पडली आणि इंजिनानं जो काही गळा काढला! कबुतरं उडाली ती दिसेनाशीच झाली. दोन मोटारींचे भोंगे आपोआप वाजायला लागले. हर्षदभाई आमच्यासाठी फाफडा-जिलबीची ताटली घेऊन येत होते, ते जागच्या जागी थांबले आणि ताटली छातीशी धरून उभे राहिले. मी गाडी बंद केली. कानात बराच वेळ नुसतं सुंऽऽ होत राहिलं.

"नंदुभाई," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी हळू बोलत होते. "बाने मारी गाडीमां लई जईए. एसी छे." आईला त्यांच्या मोटारीतून न्यायचं म्हणत होते.

माणूस चांगला आहे हो. आणि बोलणं शहाण्यासारखं होतं. मी जिना चढलो. प्रत्येक पायरीवर वाक्य जुळवत होतो.

आई दारातल्या खुर्चीवर तयार होऊन बसली होती. हिरवी साडी, वाऱ्यानं केस उडू नयेत म्हणून डोक्याला बांधलेला रुमाल, हातात पानं ठेवायची पिशवी. फटफटीवर चढायला लागेल म्हणून प्लास्टिकचं स्टूलही तिनं शेजारी आणून ठेवलं होतं. मी तिच्यासमोर बसलो आणि मोठ्यानं सांगितलं, "आई, या वर्षी गाडीवरून नको. हर्षदभाई मोटार देतायत. आपण त्यातून जाऊ."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "गुडघ्यांमुळे ना?"

"नाही गं, गुडघ्यांमुळे नाही, ते सायलेन्सरचं..."

"असू दे," ती म्हणाली. "बरोबरच आहे. म्हाताऱ्या माणसानं हट्ट करू नये." आणि तिनं डोक्याचा रुमाल सोडायला घेतला. गाठ तिच्यानं सुटेना. ती तरी सोडत राहिली.

मला नाही बघवलं ते. जळो तो बोल्ट, जळो तो बिट, आणि जळो अख्ख्या बडोद्याचे कान! मी तिचा हात रुमालावरून काढला, गाठ परत घट्ट केली आणि म्हणालो, "चल. फटफटीवर."

जिना उतरवून, स्टुलावर उभं करून, माधवी एका बाजूनं आणि शिरीष दुसऱ्या बाजूनं, असं आम्ही तिला मागे बसवलं. एका बाजूला पाय टाकून, पदर खोचून, माझ्या खांद्यावर हात ठेवून ती बसली, अगदी बाबांच्या मागे बसायची तशी. मी डोळे मिटून किक मारली. हर्षदभाईंनी कानात बोटं घातली. मग त्यांनी एका हाताचं बोट काढलं आणि आम्हाला टाटा केला.

सबंध गाव ओलांडून गेलो. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. फाफड्याच्या रांगेतली माणसं वळून बघत होती. एका चौकात पोलिसानं हात वर केला. मी मेलो असं वाटलं. पण त्यानं हार घातलेली गाडी पाहिली, मागची हिरव्या साडीतली म्हातारी पाहिली आणि वर केलेला हात कपाळाला लावून नमस्कार केला. मी मान खाली घालून पुढे गेलो. लाजेनं आणि धुरानं माझे डोळे भरून येत होते. आई मात्र ताठ बसली होती. मधूनच माझ्या खांद्यावर हलकेच थापटायची.

डभोईच्या रस्त्याला वस्ती संपून शेतं लागली तिथं मी गाडी थांबवली. बांधावर आपटा होता. मी पानं तोडून आणली, पहिलं पान तिच्या हातात दिलं आणि वाकून नमस्कार केला. तिनं माझ्या टकलावर हात ठेवला. तो काढेचना.

"नंदू," ती म्हणाली, "एक सांगू का? हे गेल्यावर गाडी मुकीच झाली होती. मागे बसले तरी कळायचं नाही चालू आहे की बंद. ह्यांच्या वेळी कशी फट् फट् फट् बोलायची! नाक्यावर आली की मला स्वयंपाकघरात कळायचं, भात टाकायला हवा."

(गाडी मुकी झाली नव्हती. आईचे कान गेले होते. एवढी वर्षं ती माझ्या मागे अशी निःशब्द बसून येत होती, आणि मला कधी सुचलंही नाही.)

"पण पावसाळ्यानंतर एक दिवस तू कचेरीला निघालास," ती पुढे म्हणाली, "आणि मला ऐकू आलं! परत तशीच बोलायला लागली. मी म्हटलं, चला, नंदूनं शेवटी गाडी दुरुस्त करून आणली. तुला बोलले नाही, पण फार बरं वाटलं हो. रोज तू जाताना खिडकीशी उभी राहायचे. आणि आज तर काय खणखणीत बोलतेय! तुझ्या बाबांनासुद्धा असा आवाज जमला नसता."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. चिरलेली बोटं, काळी नखं, तळव्याला तारेचा चटका. घरी एक जळका ड्रायर, मंडपावरच्या चादरी, पार्किंगमधलं एरंडेल.

"पण मग," आईनं एकदम विचारलं, "गाडी एवढी छान झालीय, तर तू आणि शिरीष दोन दिवस तिच्याखाली लोळून काय करत होतात?"

मी घसा ताणून ओरडलो, "पूजेआधी पुसत होतो गं!"

आईनं वाकून गाडीकडे नीट पाहिलं. पदराच्या टोकानं एक काळा डाग घासून बघितला. एरंडेलाचा होता, निघेना.

"नीट नाही जमलं तुला," ती म्हणाली. "पुढच्या वेळी हात लावू नकोस. मेकॅनिककडे दे."